गालिच्याचे आठ दिवस

कोटाच्या बाहीवरच्या रफूचे जेमतेम चार टाके राहिले होते आणि नेमकं तेव्हाच तिच्या उजव्या डोळ्यात लोकरीचं कुसळ गेलं. गिऱ्हाईक फळीला रेलून उभं, आतल्या स्टुलावरून सासूबाईंचं "आटप, आटप" चाललेलं. डोळा चोळत बसायला सवड कुठली? तिनं उजवा डोळा घट्ट मिटला, भिंग डाव्या डोळ्याला लावलं, कोटावर वाकली... आणि कोट अर्धाच होता!

तिनं भिंग पुसलं, पुन्हा लावलं. बाहीचा वरचा भाग धागा न् धागा मोजावा इतका स्वच्छ, आणि खालच्या भागाच्या जागी नुसतं मळकट, राखाडी काहीतरी. भिंग बाजूला ठेवून तिनं तशीच, एका डाव्या डोळ्यानं, समोर पाहिलं. सासूबाईंचं कपाळ दिसलं, डोळे दिसले. नाकाच्या शेंड्याखाली सासूबाई नव्हत्याच. आणि जिथे त्या नव्हत्या तिथूनच त्यांचा आवाज येत होता, की बघत काय बसलीस, माणूस खोळंबलंय.

काळजात चर्र झालं तिच्या. कुसळ काढलं, उजव्या डोळ्यानं चार टाके घातले आणि कोट घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात दिला.

रफूचं काम ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांना एवढं सांगायला हवं, की ते ठिगळ लावण्याचं काम नव्हे. कापडाला कसर लागते, ठिणगीनं भोक पडतं. मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि उभा धागा, आडवा धागा करत भोकावर पुन्हा कापड विणायचं, असं की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सांगता येऊ नये. हे सगळं एका डोळ्याला भिंग लावून, दुसरा डोळा मिटून. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनीच तिच्या हातात सुई दिली, आणि डावा डोळा मिटून नेम धरल्यासारखी बसणारी सून बघून पहिल्याच आठवड्यात तिला नाव ठेवलं, नेमबाज. किती कौतुकानं हाक मारायच्या तेव्हा! गेल्या बारा वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. आणि डावा डोळा तर दिवसभर मिटलेलाच. तो कधी अर्धा विझला, काल की सहा महिन्यांपूर्वी, हे तिला कोण सांगणार? मिटलेल्या डोळ्याची चौकशी कुणी करत नाही.

त्या दुकानाचा एक नियम होता. रफूच्या गाठी, धाग्यांची टोकं, सगळी कापडाच्या उलट्या बाजूला राहतात, आणि उलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सासूबाई म्हणायच्या. घरालाही तोच नियम होता. म्हणून तिनंही नऊ दिवस मूठ झाकून ठेवली. पण ज्या बाईची उमर दोन धाग्यांतला फरक ओळखण्यात गेली तिच्या नजरेतून काय सुटतं? सून घडीघडी उजव्या डोळ्यावर तळवा धरून कॅलेंडरकडे बघते, हे त्यांनी हेरलं, आणि दहाव्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

चष्म्याच्या दुकानातल्या माणसानं काचा बदलून बदलून हात टेकले. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब घातले, दिव्याच्या उजेडात डोळ्याचा तळ तपासला आणि सांगितलं, की पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली जपा. साखर? नव्हती. रक्तदाब? नव्हता. अडतिसाव्या वर्षी मग गुठळी कशानं? डॉक्टरांनी खांदे उडवले आणि रक्त गोठू नये म्हणून रोजची एक गोळी लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी मनाला फार लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. आणि घरचे डॉक्टर, ज्यांनी तिला सर्दी-पडशापलीकडे कधी तपासलं नव्हतं, त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाचून कपाळाला आठ्या घातल्या. नळीतलं रक्त गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता! म्हणजे रक्त पातळ, असा हिशेब करून त्यांनी ती गोळीच बंद केली. एक म्हणतो रक्त गोठतंय, दुसरा म्हणतो गोठत नाही... कुणाचं ऐकावं? जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि प्रत्येक खोलीत, प्रत्येक टेबलापाशी, तो एक प्रश्न ठरलेला असायचा. आधी काही मोठं दुखणं? बाळंतपणं किती? तिनं तोंड उघडण्याआधीच सासूबाई सांगून मोकळ्या व्हायच्या, "काही नाही हो, ठणठणीत आहे." आणि ती मान डोलवायची.

काही नाही कसं? तीन होती! तीन जीव तिच्या पोटात येऊन गेले होते. पहिला चौथ्या महिन्यात, दुसरा चौथ्यात, आणि तिसरा... तिसऱ्यानं सहाव्यात पाऊल टाकलं होतं, आतून लाथा मारायला लागला होता. त्याच सुमाराला एका मोठ्या हॉटेलातला गालिचा दुकानात आला, मधोमध हातभर जळालेला, चार माणसांनी उचलावा असा. दुकानाचं नाव होईल असं काम होतं. सासूबाई म्हणाल्या, एवढं होऊ दे, मग महिनाभर पाय वर करून झोप. आठ दिवस ती फरशीवर बसून, पोट सावरत, त्या गालिच्यावर वाकली होती. नवव्या दिवशी सगळं संपलं.

तेव्हा तिचा नवरा बसच्या डेपोतून धावत दवाखान्यात आला. तो तिथला फिटर, अबोल माणूस. पण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्यानं भिंतीवर मूठ आपटून विचारलं होतं, की हे कशानं झालं, कुणामुळे झालं, ज्याच्यामुळे झालं त्याचं मी तोंड बघणार नाही. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. खाटेवरून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. या बाईला नवरा नाही, दुसरं मूल नाही, एवढा एकच मुलगा... आणि ती म्हणाली, "जिन्यावरून पाय घसरला माझा. घाईत उतरत होते."

डॉक्टरांनीही तेच लिहून घेतलं. नवऱ्यानं तिचं तोंड बघणं सोडलं नाही, पण त्या दिवशी जे एक वाक्य तो बोलला ते तिच्या काळजात कायमचं रुतून बसलं. "एक जीव सांभाळता आला नाही तुला." बस्स, एवढंच. पुन्हा कधी तो तसं बोलला नाही, आणि पुन्हा कधी पहिल्यासारखा हसलाही नाही. सासूबाईंनी तर तो विषयच घरातून हद्दपार केला. त्या तिच्याशी कडक वागू लागल्या, तुटक बोलू लागल्या. उपकाराचं ओझं माणसाला असंच कडवट करतं की काय कोण जाणे. ती मात्र अंतःकरणावर दगड ठेवून सगळं सोशीत राहिली. आता डॉक्टरांपुढे तिसऱ्याचं नाव काढावं, तर जिना निघणार. जिना निघाला की गालिचा निघणार. आणि माय-लेकांची ताटातूट होणार, तीही तिच्यामुळे. एका डोळ्यासाठी एवढं मोडायचं? नकोच ते!

पण एका डोळ्यावर भागलं नाही. एका दुपारी दोरे आणायला म्हणून ती रस्ता ओलांडत होती आणि अचानक उजव्या डोळ्यापुढे वरून खाली काळोख उतरला. उजव्या डोळ्यात मिट्ट अंधार, डाव्यात वरची तेवढी आभाळाची पट्टी! पुढचं पाऊल कुठे टाकावं ते कळेना; ती रस्त्याच्या मध्यावर पुतळ्यासारखी उभी राहिली. चाकं करकचून थांबल्याचा आवाज आला. तीन-चार मिनिटांनी नजर परत आली तेव्हा बसचं तोंड तिच्या खांद्याशी होतं आणि ड्रायव्हर खाली उतरून तिच्यासमोर उभा होता. त्यानं तिला ओळखलं. त्या गाडीचे ब्रेक सकाळीच तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बसवले होते.

संध्याकाळी नवरा घरी आला तो हातही न धुता. ग्रीसनं माखलेल्या बोटांनी त्यानं तिची हनुवटी वर केली, एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यात, जसं काही त्यालाच आत बिघाड दिसणार होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याकडे इतका वेळ बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि तिघं मिळून डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान, पण तिनं आधीचे सगळे कागद टेबलावर मांडून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नळीत रक्त उशिरा गोठतं, या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिनं शांतपणे सांगितलं, की हा आजार डोळ्यात दिसतोय पण डोळ्याचा नाही, रक्ताचा असावा. उजव्या डोळ्याची धोक्याची घंटा वाजली आहे. आणि याचा माणूस मी नव्हे. तिनं एक चिठ्ठी लिहिली, वर लाल शाईनं 'तातडीचे' असं लिहिलं आणि पत्ता दिला. पत्ता होता सांधेदुखीच्या डॉक्टरांचा!

सासूबाईंना राहवेना. बाहेर येताच म्हणाल्या, की आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, डोळा गेलाय पोरीचा आणि ही गुडघ्याच्या डॉक्टरकडे धाडते. पण पायात चपला सगळ्यांच्या आधी त्यांच्याच गेल्या.

सांध्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात काठ्या टेकलेल्या आजीआजोबांची रांग होती. टेबलामागची बाई चिठ्ठी न बघताच म्हणाली, तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळेल. तीन आठवडे! घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला तिला वाटत होतं, आता येईल तो काळोख, आता येईल, आणि या खेपेला परत जाणार नाही... तिनं नवऱ्याची बाही घट्ट धरली. नवरा टेबलापाशी वाद घालायला वळणार, तोच सासूबाईंनी दाराच्या मधोमध फतकल मारली. सत्तरीची बाई, गुडघे दुखत असताना, फरशीवर! आत जाणाऱ्याला आणि बाहेर येणाऱ्याला त्यांच्यावरून ओलांडून जावं लागलं असतं. शेवटी डॉक्टरच स्वतः काठी टेकत दारात आले, खाली बघितलं आणि चिठ्ठी मागून घेतली. लाल शाई वाचली आणि म्हणाले, आजी, उठा, तुम्हाला उठवायला मला वाकता येत नाही.

आत गेल्यावर त्यांनी डोळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे हात बघितले, पाय बघितले. पिंढऱ्यांवर निळसर-जांभळ्या रेघांची जाळी होती, फाटक्या विणीसारखी वेडीवाकडी. थंडीत ती गडद व्हायची, तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. डॉक्टर त्या जाळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पेन उघडलं आणि तोच प्रश्न विचारला, गरोदरपणं किती झाली?

सवयीनं सासूबाईंचं तोंड उघडलं. काही नाही... एवढेच दोन शब्द होते. पण ते बाहेर आले नाहीत. त्यांनी सुनेकडे बघितलं; ती नवऱ्याच्या बाहीची घडी बोटांत चुरगाळत, खाली मान घालून, नेहमीसारखी डोलवायला तयार बसली होती. त्या मानेकडे बघता बघता सासूबाईंच्या आत काहीतरी तुटलं.

"तीन झाली," त्या म्हणाल्या. "तीन गेली, डॉक्टर. आणि तिसरं मी मारलं."

मुलगा वळून आईकडे बघू लागला.

"ही जिन्यावरून पडली नव्हती रे," सासूबाई आता त्याच्याशी बोलत होत्या. आवाज फुटत होता, पण थांबत नव्हता. "मी आठ दिवस हिला फरशीवर बसवून गालिचा विणून घेतला. पोटुशी पोर. कंबर धरायची, उठायची, मी म्हणायचे थोडंच राहिलंय. हिनं तुला जिना सांगितला, मला वाचवायला. बारा वर्षं मी हिचं खाल्लं आणि हिच्यावरच डाफरले. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, पण हिचा डोळा... हिचा डोळा वाचवा हो."

तिनं गप्पकन डोळे मिटले. झालं! ज्याला ती बारा वर्षं भीत होती ते झालं. आता नवरा उठेल, दार आपटेल...

पण डॉक्टरांच्या पेनाची कुरकुर चालूच होती. ते रडण्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर, हरवलेली किल्ली सापडावी तसा भाव होता. त्यांनी घाईघाईनं विचारलं, कितवा महिना? चौथा, चौथा, सहावा? वारेची तपासणी कुणी केली होती? रक्त तेव्हा कुणी तपासलं? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची सासूबाईंच्या समोर ओढून घेतली आणि एका लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"आजी, गालिच्यानं नाही झालं. जिना असता तर जिन्यानंही झालं नसतं. हिचं रक्त नळीत उशिरा गोठतं, पण अंगात भलतीकडेच गोठून बसतं. अंगातली रोगांपासून राखण करणारी शक्तीच घरच्यांवर उलटलीय; असे आजार आम्हा सांध्यांच्या डॉक्टरांकडेच येतात. तेव्हा गुठळ्या वारेत धरल्या, बाळाला रक्त पोचलं नाही. आता डोळ्यात धरल्यात. तिन्ही बाळं आणि हा डोळा, माझ्या मते आजार एकच आहे."

त्यांनी त्याचं नाव सांगितलं, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. रक्ताच्या खास तपासण्या आजच करायच्या, बारा आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करायची. पण गोठू न देणारं औषध मात्र तपासण्यांची वाट न बघता आजपासूनच. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, पडल्याचं कारण सांगितलंत म्हणून तेव्हा कुणी पुढे शोधलं नसावं; नाहीतर तिसऱ्या खेपेला या तपासण्या झाल्या असत्या, आणि चौथ्या खेपेला औषधं देता आली असती.

चौथी खेप! बारा वर्षं ज्या खोट्याला ती आपला त्याग म्हणून उराशी धरून बसली होती, त्यानंच पुढचं दार लावून घेतलं होतं. ती रडली नाही. नुसती बसून राहिली, हात मांडीवर उताणे ठेवून.

बाहेर बाकावर तिघं ओळीनं बसले होते, तपासणीला रक्त द्यायची वेळ यायची होती. नवऱ्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आईंना सोडून गेला असतात," ती म्हणाली.

तो नाही म्हणाला नाही. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. गेला असता तो, खरंच गेला असता. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला, धुऊनही रेघांत काळं राहिलेल्या तळहातांकडे. मग अगदी हळू म्हणाला, "सांभाळता आला नाही, असं बोललो होतो मी. विसरली नसशील तू."

"नाही."

"विसरू नकोस," तो म्हणाला. "पण मला तुझ्याशेजारी बसू दे." आणि आज बारा वर्षांनी त्या अबोल माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एक हात त्यानं तिच्या हातावर ठेवला, आणि दुसरा, न बघताच, पलीकडे मुटकुळं करून बसलेल्या आईच्या खांद्यावर. सासूबाईंनी तो खांदा हलूसुद्धा दिला नाही, जणू हलला तर हात निघून जाईल.

औषधं सुरू झाली. पहिले पंधरा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. ती कोपऱ्यात गेली की दोघं मागे, ती डोळे चोळायला लागली की दोघं हातातलं टाकून उभे. रक्ताची तपासणी आधी दोन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. गोळी कधी वाढवायची, कधी कमी करायची. सुई टोचली तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून सासूबाईंनी तिच्या प्रत्येक बोटासाठी चामड्याची टोपी शिवली. बारा आठवड्यांनी दुसऱ्या तपासण्यांचं उत्तर आलं. डॉक्टरांचा अंदाज खरा होता. आणि या बारा आठवड्यांत उजव्या डोळ्यापुढे तो काळोख एकदाही उतरला नव्हता. डावा मात्र जितका गेला होता तितका गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी एकेक डोळा झाकून समोर बघायचं, काही बदललं तर तडक यायचं. तेव्हापासून दुकानाची फळी उघडण्याआधी सासूबाई तिच्यापुढे येऊन उभ्या राहतात. तपासणीचं उत्तर आल्याच्या दुसऱ्या सकाळीही राहिल्या. आधी डावा झाकला. उजव्या डोळ्याला त्या सबंध दिसल्या, पांढऱ्या केसांपासून झिजलेल्या चपलांपर्यंत.

"आता उजवा झाक," सासूबाई म्हणाल्या. "बोटं किती?"

तिला बोटं दिसेनात. "वर धरा, आई. खालचं नाही दिसत मला."

बोटं वर आली नाहीत. बहुधा सासूबाई ती धरायलाच विसरल्या होत्या. डाव्या डोळ्याला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, ज्या तोंडानं तिला बारा वर्षं टोचलं होतं ते नाकाखाली कुठेतरी राखाडीत बुडालं होतं. वर फक्त डोळे होते. काठोकाठ भरलेले, तिच्याकडे लागलेले. ते असे कधीपासून बघत होते कोण जाणे. तिनंच कधी तोंडावरून नजर वर नेली नव्हती.

"तीन," ती उगीचच म्हणाली.

"चुकलीस," खालून आवाज आला. "चल, आटप, नेमबाज. माणूस खोळंबलंय."

तिनं फळी उघडली. बाहेर अजून कुणीच आलेलं नव्हतं.